पाण्यावरच्या रेघा

नॉरफोकला बर्फ पडतो, म्हणजे पडत नाही.
बोटभर पडला तरी शाळा बंद, दुकानांतला पाव संपतो.
अशा गावात कुणीतरी काँक्रीटचा घुमट उभारला,
त्याच्या पोटात पाणी गोठवलं,
आणि थेट कॅनडातून पुढचे दात पडलेली पोरं आणली
त्यावर धावायला.

माझं दुकान मागच्या गल्लीत :
व्हर्लीन आउटन, शिवणकाम व दुरुस्ती.
नौदलाच्या बाह्यांवर पट्ट्या लावायचे मी.
बढती झाली की एक जास्त,
बारमध्ये मारामारी झाली की एक कमी.
जर्सींचं पहिलं गाठोडं आलं
तेव्हा मला वाटलं पडदे आहेत.

पहिला संघ हेरॉन्स. मालक फर्निचरवाला.
दोन मोसमांत बुडाला.
इथे बुडण्याचं कुणाला अप्रूप नाही,
खाडीच्या तळाशी त्याच्याहून मोठी माणसं आहेत.

मग ड्रेजर्स. त्यांनी हेरॉन्सच्याच जर्सी घेतल्या, उधारीवर.
मी अक्षरं उसवली.
एक ई, एक आर, एक एस तेवढे कामी आले,
बाकी सगळी नवी.
पण भोकं राहतातच.
दिव्यासमोर धरली की ड्रेजर्सच्या छातीवर
हेरॉन्स वाचता यायचं,
टाचणीनं टोचून लिहिल्यासारखं.

बर्फ राखायचा ऑरिन टिलमन.
तो सांगायचा, खाली नळ्यांतून मिठाचं पाणी फिरतं, व्हर्लीन,
ते स्वतः गोठत नाही, म्हणून वरचं गोठतं.
(हे त्यानं आपल्या लग्नाबद्दलही सांगितलं होतं.)
जे टिकत नाही त्याला पाण्यावरची रेघ म्हणतात ना?
ऑरिन दर ऑक्टोबरात ती ओढायचा,
गुडघे टेकून, जिभेचं टोक दातांत धरून,
मध्ये तांबडी, दोन्हीकडे निळ्या.
वर पुन्हा पाणी, पुन्हा गोठवण.
मार्चमध्ये सर्कस यायची.
फळ्या टाकून वर हत्ती.
हत्तीखालीही रेघा सरळच होत्या,
तो शपथेवर सांगे.

ड्रेजर्सचा चेक पहिल्यांदा परत आला त्या बुधवारी
गोलकीपर लूसियें गोडबू दुकानात आला.
भुवईवर डॉक्टरांचे सात टाके.
मी पाहिले. वाकडे होते.
तो म्हणाला, पैसे नाहीत, हे ठेव,
आणि पायांची ती जाड पॅडं काउंटरवर टाकली.
गोदीत वेल्डर झाला पुढे,
पोर्ट्समथची बायको केली.
पॅडं अजून माझ्याकडे आहेत. पावसाळी हवेत
घोड्यासारखा वास मारतात.

बोसन्स मात्र जिंकले. एकदाच.
एप्रिलची रात्र, बाहेर इतका दमट उकाडा
की दारं उघडली आणि बर्फावर धुकं उठलं.
चेंडू नसतोच या खेळात, चकती असते,
तीही दिसेना.
गोल झाला हे आम्हाला
वरच्या स्वस्त रांगांतल्या खलाशांच्या ओरडण्यावरून कळलं,
आणि त्यांना कशावरून कळलं, देव जाणे.
विजयाचा झेंडा मी शिवला, अठरा फूट,
छताला टांगला.
पुढे एका रात्रीत मालकानं संघ कॅलिफोर्नियाला विकला,
काठ्या नेल्या, हेल्मेटं नेली, कॉफीचं यंत्रसुद्धा.
झेंडा राहिला.
तेवढी लांब शिडी त्यांच्याकडे नव्हती.

ऑरिन गेला त्या हिवाळ्यात घुमटात नुसतं काँक्रीट होतं.
आता भरतीला गल्लीत पाणी शिरतं,
आभाळ निरभ्र असतानाही.
मी मशीन विटांवर चढवलंय.

काल एका तरुणाचा फोन. नवा संघ येतोय म्हणाला,
नाव अजून ठरलेलं नाही.
मी म्हटलं, हरकत नाही,
मी शेवटचा एस कापून ठेवते.
तो लागतोच प्रत्येकाला.

आणि पैसे आगाऊ. रोख.