खाली बोलता येत नाही म्हणून

खाली गेल्यावर मी गप्प असेन,
म्हणून काय ते इथेच सांगून टाकते, या कातळावर,
श्लॉक वाऱ्याच्या अंगात येण्याआधी.

अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ ‘छान’ नाही.
अंगठा वर म्हणजे: चला, वर.
छान असेल तर बोटांचा गोल करा.
दरवर्षी कुणीतरी आनंदाच्या भरात अंगठा दाखवतो
आणि मी त्याला घेऊन वर येते. पैसे परत मिळत नाहीत.

हवा शंभरवर आली की मला दाखवा.
पन्नासवर आल्यावर दाखवणाऱ्याला
मी पाण्याबाहेर काय बोलते ते उवेला विचारा,
ते तिसऱ्यांदा आलेत.

आता बोट.
ती बुडाली असं म्हणू नका.
तिला बुडवली.
आधी तेल काढलं, दारं काढली, काचा काढल्या,
आत शिरलेल्याला बाहेर पडता यावं म्हणून
कुशीत भोकं पाडली,
आणि ठेवली खाली अडतीस मीटरवर, सरळ,
तुमच्या ताटात वाढल्यासारखी.
त्याआधी अठ्ठावीस वर्षं ती गोझोहून माल्टाला जायची
भाजीचे टेम्पो, पाद्री, कॉलेजची पोरं,
इस्पितळात निघालेल्या बाया घेऊन.
परत येताना कधी बाई असायची, कधी पेटी.

माझा बाप झेप्पू तिचे दोर टाकायचा.
बुडवली त्या दिवशी तो इथेच बसला होता,
गुडघ्यावर पावाची पुडी.
चार मिनिटांत जाईल, म्हणाले होते साहेब.
सव्वीस लागली.
‘जन्मभर उशीरच केला हिनं,’ एवढंच म्हणाला,
आणि पाव तसाच घरी घेऊन आला.

मधला जिना तुम्ही फोटोंत पाहिलाय.
त्याच्या पायऱ्यांना पाय लावू नका,
गाळ उठतो, मग मागच्याला स्वतःचा हात दिसत नाही.
खालून सातव्या पायरीशी मी थांबते.
तिथे बघण्यासारखं काही नाही.
सहा वर्षांची असताना मी तिथे ओकले होते
आणि कप्तान यायच्या आत बापानं टोपीनं पुसलं होतं.
चार श्वास थांबते.
तेवढ्यात कुणी माझ्यापुढे जायचं नाही. हाही नियमच समजा.

दुपारी दुसरी डुबकी, कमानीची.
म्हणजे जिथे कमान होती तिथली.
तिला कुणी पाडली नाही,
एका वादळी रात्री आपली आपण खाली आली,
बघायला कुणी नव्हतं.
बसएवढाले तुकडे, कडा अजून धारदार,
शेवाळानंही अजून नीट ओळख दाखवलेली नाही.
हातमोजे घाला.
गाव सगळं कड्यावर जमून रडलं, बाप गेला नाही.
म्हणाला, ‘तिचे दोर मी कधी बांधले नव्हते.’

अजून एक. वर येताना
पाच मीटरवर तीन मिनिटं, दोराला धरून.
रक्तातली हवा सावकाश सुटू दे.
तेव्हा इंजिनाचा आवाज येईल, घाबरू नका,
सव्वाअकराची नवी फेरी ती.
पाण्यात आवाज चहूकडून एकदम येतो.
बावीस वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही
ती निघालीय की परततेय.

चला, मास्कमध्ये थुंका.
लाजताय कसले, सगळेच थुंकतात.
पाणी गार आहे.