पुसलेली रेघ

फ्रीसलंडमधल्या त्या गावात
वीब्रेननं बावीस वर्षं रस्त्याची मधली रेघ रंगवली.
आता हुकूम आला : खरवडून काढ.

त्यानं काढली. पाट्याही उपटल्या,
तीस लिहिलेली, शाळा लिहिलेली,
आणि ती बाणाची, जी वाऱ्यानं कधीच
कालव्याकडे वळवून ठेवली होती.

हिल्त्ये बेकरीच्या दारातून म्हणाली,
"आता मरतील की रे माणसं."

पहिला आला दुधाचा टँकर.
सवयीनं भरधाव, आणि मग
आपली बाजू कुठे संपते तेच कळेना,
तसा पाय आपोआप उचलला गेला.
समोरून ट्रॅक्टर. दोघं थबकले.
टँकरवाल्यानं काचेतून पाहिलं,
तर समोर वाहन नव्हतं, टोपी होती,
टोपीखाली दोन डोळे, "जा तू आधी" म्हणणारे.

वीब्रेन काही बोलला नाही.
संध्याकाळी महामार्गानं घरी निघाला.
ताजी पांढरी रेघ, गेल्या मे महिन्यात त्यानंच ओढलेली,
दोन्हीकडे पॉप्लर, सारख्या अंतरावर,
सटासट मागे पडणारे,
आणि काटा कधी एकशे वीसवर गेला
ते त्याला कळलंच नाही.

बेकरीपुढे हिल्त्येनं
एक निळी खुर्ची रस्त्याला चिकटून ठेवली आहे.
बसत कुणी नाही.
गाड्या तिला पाहून हळू होतात,
जणू कुणी आत्ताच उठून
पाव आणायला आत गेलंय.

पाऊस पडला की डांबरावर
जुनी रेघ अजून उमटते, ओली, राखाडी.
तेवढ्यापुरते सगळे
पुन्हा जोरात जातात.