काळवंडणं

धरमपेठेत परवा मीराताई म्हणाल्या,
काय वं, किती काळवंडली तू.
म्हटलं, ऊन होतं तिकडे.

ऊन इथंही आहे. सेहेचाळीस.
दुपट्टा, हातमोजे, गॉगल,
पर्समध्ये कांदा;
सिग्नलला आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो.

तिथं बोटीतून उतरून तासभर चढण,
शेळ्यांची वाट, आणि विजू पांढरीपांडे धापा टाकत,
माझ्यानं नाही होत बाप्पा.
पलीकडे वाळू नव्हतीच, गोटे होते.
एक म्हातारा फक्त टोपी घालून
शब्दकोडं सोडवत होता.
त्यानं मानही वर केली नाही.

कुर्त्याची एक बाही काढून
मी किती वेळ तशीच बसले.
विजू तोवर गळ्यापर्यंत पाण्यात,
मंगळसूत्र तेवढं अंगावर.

पित्ताशयाच्या टाक्यांना
पहिल्यांदाच समुद्र लागला.
झोंबला नाही.

आता कूलरमध्ये पाणी भरते,
वाळ्याच्या ताट्या भिजवते.
न्हाणीघरात दिवा लावला की आरशात
नखशिखान्त एकाच रंगाची बाई.
मीराताईंनी पाहिलं ते नुसतं तोंड.

रात्री विजूचा फोन, आवाज दबका:
उतरायला लागला गं रंग.
गळ्यावरची मंगळसूत्राची पांढरी रेघ
आज शोधावी लागली.