बसून मोजलेलं पाणी

पंचगंगा उतरून तिसरा दिवस.
कुंभार गल्लीत घरटी एक फॉर्म,
खिशात टेप, चपलेत चिखल,
यादीत अजून एकशे बारा दारं.

वडणगेकरांच्या भिंतीवर ओल होती,
कुणी दोरी ताणून मारावी अशी सरळ.
उभा राहिलो, टेप सोडली :
चार फूट दोन इंच. माझ्या छातीला.
लिहिलं. पुढं विचारलं, माल किती?

शेवंताक्का कोपऱ्यात बसल्या होत्या
एक बिनडोळ्यांचा गणपती मांडीशी घेऊन.
सोंडेचा शाडू सुटून लोंबत होता.
वाटलं, आता म्हणतील, देवाला माल म्हणू नका.
तसं काही म्हणाल्या नाहीत.
"एकशे सत्तर नग. तीस माळ्यावर चढवलं, ते ऱ्हायलं.
पर सायेब, पाणी चुकीचं मोजलासा."

मी पुन्हा टेप लावली. तेच. चार फूट दोन.

"हुबं ऱ्हाऊन न्हवं. बसा.
ह्या घरात हुबं कोण असतंय?
सासू बसून माती मळायची, मी बसून आखणी करतो,
पोरगं बसून सोंडा चिकटवतंय.
बसा की. ओलं हाय, पोतं घ्या."

पोतं घेतलं. बसलो.
रेघ डोक्यावरून गेली,
दोन विती वर.

खोली तीच, पण छत लांब गेलेलं.
उंबऱ्यापलीकडं गल्लीतल्या माणसांचे नुसते पाय.
मघाशी मी आत आलो तेव्हा
ह्यांना आधी माझी चप्पल दिसली असणार,
मग गुडघे, मग फॉर्म,
तोंड सगळ्यात शेवटी.

"डोळं शेवटाला काढायचं,"
अक्का बोलत होत्या, मला की मांडीवरच्याला, कळेना.
"गिऱ्हाइकाला इचारून.
मंडळाचा आसंल, स्टेजवर बसणार, तर बुबुळ खाली सोडायचं.
घरचा आसंल तर पाट केवढा, बघणारं केवढं.
न्हाईतर देव सगळं दिवस भिताडाकडंच बघत बसतोय."

मग त्यांनी माझ्या हातातला कागद मागितला.
वाचता येत नव्हतं, तरी उलटसुलट करून बघितला,
चौकटी बोटानं मोजल्या.
"एवढ्यात बसवायचं व्हय आमाला?
तुमचं बी अवघडच हाय की."
आणि पोराला चहा टाकायला सांगितला,
मी नको म्हणायच्या आत.

बसून मोजायचा रकाना फॉर्मात नाही.
शेऱ्यात लिहिलं : बसून मोजता डोक्यावरून.
नाईकनवरे साहेबांनी लाल पेन फिरवला.
"उद्या झोपून मोजशील."
ते हसले नाहीत, मीही नाही.
अठ्ठ्याऐंशी नंबरच्या घरात
अंथरुणाला खिळलेले एक आजोबा होते,
आणि त्यांच्या भिंतीवर मी लिहून आलो होतो
फक्त तीन फूट.

रात्री रेवतीनं डब्यावर चढून हळद काढली.
फळी मीच ठोकलेली, सहा वर्षांपूर्वी,
माझ्या हाताला बरी पडेल अशा बेतानं.
मी स्वयंपाक करत नाही.

पुढच्या श्रावणात मूर्ती सांगायला गेलो.
अक्कांनी ओळखलं नाही.
भिंतीला चुना लावलेला, तरी रेघ आतून दिसत होती.
ब्रश पाण्यात हलवत त्यांनी विचारलं,
"पाट केवढा?"
"दीड फूट."
"घरात सगळ्यात बुटकं कोण?"
"मुलगी. अन्वी."
"उंची?"

अख्ख्या गल्लीचं पाणी इंचात लिहिलेला मी,
हात हवेत धरला,
कमरेशी, जरा खाली, पुन्हा वर.
अक्का थांबल्या. ब्रशवरून पाणी गळत राहिलं.
मग फोन काढला
आणि रेवतीला म्हणालो,
जरा तिला भिंतीला टेकवून उभी कर.