निरंक

पहाटे साडेपाचला धावपट्टी माझी असते.
तीन हजार पावलं जाताना, तीन हजार येताना,
जीपच्या दिव्यात मान खाली घालून
मी शोधते जे तिथे असू नये ते:
बॅगेचं तुटकं चाक, एखादा स्क्रू,
वाऱ्याने कुंपणावरून आणलेली कोलंबीच्या खाद्याची पिशवी.
सुपारीएवढा जांभ्याचा खडासुद्धा उचलायचा.
"इंजिन काहीही गिळतं," तोरसकर साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले,
"पण पचत नाही त्याला."

याच सड्यावर माझ्या बापाने गुरं चारली.
श्रावणात कातळभर सीतेची आसवं फुलायची, निळी.
आता पांढरे पट्टे आहेत, आकडे आहेत.
बाप म्हणतो, बरं झालं, तुला नोकरी लागली.
पण कुंपणापाशी आला
की अजून जीभ टाळूला लावून गुरांना बोलावतो.

पहिल्या वर्षी दिवसाला एक विमान,
तेही धुकं नसलं तर.
गाव गडग्यावर चढून बघायचा.
आता सात. गणपतीत अकरा.
पोरं मानही वर करत नाहीत,
आवाज आला की पेजेची वेळ झाली, एवढंच.

मंगळवारी खालच्या वाडीत गेले.
गोदामावशी वाळूवर सुंगटं पसरत होती,
वर घारी. मोजल्या. एकवीस.
विमान उतरतं त्याच वाटेवर गोल गोल.
"मावशे, वरसून जाळां घाल गो."
"तुझ्या इमानाक सांग, घारींका इचारून उतर."
मी हसले नाही, हातात सहीचा कागद होता.
तिने लुगड्याला खवले पुसले
आणि पूर्ण नाव लिहिलं, काना-मात्रेसकट.
दुसऱ्या दिवशी जाळं होतं.
यंदा सुकटीचा डबा मात्र आला नाही.

टिटवीचं काय करावं ते अजून कळत नाही.
ती घरटं बांधत नाही,
उघड्या खडीत घालते अंडी,
एकोणिसाव्या दिव्यापाशी, चार, खडीच्याच रंगाची.
लोक सांगतात, टिटवी पाय वर करून निजते,
आभाळ पडलंच तर झेलता यावं म्हणून.
आणि हसतात.
मी त्याच कामाचा पगार घेते.

नियमाप्रमाणे उचलली. टोपीत. कोमट होती.
कुंपणापलीकडे ठेवली, टोकं आत करून, होती तशी.
ती येते का बघायला थांबता आलं नाही,
पावणेआठचं उतरणार होतं.

समुद्रावरून येतं ते, आधी ठिपका, मग दिवे.
आत कुणी माड मोजत असेल,
कुणी इस्पितळातून आईला घरी आणत असेल.
चाकं टेकतात. धूर, रबराचा वास.
माझ्याकडे कुणी बघत नाही. बघू नये.
ज्या दिवशी लोक माझं नाव विचारतील
तो दिवस उगवू नये म्हणून तर चालते मी.

नोंदवहीत लिहिते: सात सत्तेचाळीस.
घारी दोन, लांब. खडा एक. स्क्रू एक.
अंडी कुठल्या रकान्यात लिहायची?
शेरा: निरंक.
खाली सही.

कुंपणापलीकडून ओरडते आहे ती अजून,
मला शिव्या घालते
की हजेरी देते,
कोण जाणे.