भरले

पत्र आलं : माजी विद्यार्थी सल्लागार समिती,
रसायनशास्त्र विभाग, दुपारी तीन.
खाली पेनानं : चहाची सोय आहे.

एप्रिल संपत आलेला. सीताबर्डीवर ऑटोवाला म्हणाला,
"एवढ्या उन्हात कॉलेजात काऊन जाता, मावशी?
पोरीचा पेपर आहे काय?"
मी हो म्हटलं. सल्लागार कसं सांगणार त्याला.

आम्ही अकरा जण. कुणी पुण्याहून विमानानं,
कुणी खामल्याहून स्कूटरवर.
विरेंद्र लांजेवार म्हणाला, दालन बांधू,
संगमरवरी पाटीवर दात्यांची नावं.
कुणी सामंजस्य करार आणला बोलण्यात,
कुणी पुढल्या पंचवीस वर्षांचं दृष्टिपत्र.
विभागप्रमुख मेश्राम मॅडम सगळं लिहून घेत होत्या.
मग पेनाला टोपण लावून म्हणाल्या,
"डिस्टिल्ड वॉटरची कॉइल जळून चौदा महिने झाले.
फाइल मुंबईला आहे.
पोरी बॅटरीच्या दुकानातून कॅन आणतात,
वर्गणी काढून."

कुलर घरघरत राहिला.
लांजेवारनं बिस्कीट चहात बुडवलं,
ते मोडून तळाशी गेलं.

मी उठले. प्रयोगशाळेत वास तोच,
फक्त खिडकीबाहेरचा कडुनिंब वाढून आत डोकावतो आता.
हेमराज नेवारे, वडिलांच्या जागी अनुकंपेवर लागलेला,
त्यानं कपाटातून काढून दाखवलं
तुटफुटीचं रजिस्टर. वाळवीनं कोपरे खाल्लेले.
मी माझं साल शोधलं. सापडलं :

फेब्रुवारी एक्क्याऐंशी. ब्युरेट, पन्नास मिली, एक नग.
कु. सुलभा डोर्लीकर. रुपये अठरा.
आणि पुढे, दुसऱ्याच शाईत :
भरले. शा.

मी भरले नव्हते.
पुढल्या आठवड्यात देते, म्हटलं होतं,
आणि मग तो आठवडा
कोराडीच्या बॉयलरचं पाणी तपासण्यात
तेहतीस वर्षं चालला.
शालिकराम नेवारेंचा पगार तेव्हा किती असेल?
हेमराजला विचारलं नाही.

आता गुरुवारी येते.
कोराडीचाच एक रिटायर्ड फिटर धरून आणला,
त्यानं कॉइल बसवली, मजुरीऐवजी तर्री पोहे मागितले.
फाइल अजून मुंबईलाच आहे. तिला तिथं बरं वाटत असावं.
लांजेवारला फोन करते अधूनमधून :
दालन राहू दे रे, तुझ्या कंपनीतला एखादा पोरगा
महिन्यातून दोन दिवस पाठव, मशीन शिकवायला.
त्यानं दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा पाठवला.

परवा रोशनी कुमरे
नाग नदीचं पाणी घेऊन आली, पुलाखालून भरलेलं,
बाटलीचं बूच अंगठ्यानं दाबून.
पुस्तकात लिहिलंय, साका तपकिरी बसतो.
हिच्या बाटलीत पांढराच.
तिनं दोनदा केलं, तीनदा केलं,
मग वहीत पेन्सिलनं लिहिलं सहा पूर्णांक दोन,
शेजारच्या बॅचचं बघून.

मी खोडरबर दिला.
म्हटलं, पांढरा म्हणजे पाण्यात प्राणवायू नाही.
"म्हणजे माझं बरोबर आहे?"
तुझं बरोबर आहे.
ती हसली, आणि मग लगेच
बाटलीकडे पाहून थांबली.
शून्य लिहायला तिला बराच वेळ लागला.
पेननं लिहिलं.

तेवढ्यात कोपराचा धक्का लागून
पिपेट गेली. फरशीवर तो आवाज,
इतक्या वर्षांत जराही न बदललेला.
सगळ्या बॅचनं मान वळवली.
रोशनीनं कुर्त्याच्या खिशात हात घातला, तसाच ठेवला.
हेमराज कपाटाकडे गेला, रजिस्टर उघडलं,
तारीख टाकली, नाव विचारलं, लिहिलं.

मी त्याच्याकडे पेन मागितलं.