खडी

साबिनानं कडी बदलली.
जुने स्क्रू पेराएवढे होते,
नवे तर्जनीएवढे, चौकटीतून थेट भिंतीत.
एल आल्तोच्या बाजारात घासाघीस करून
ऐंशी बोलिव्हियानोत एवढंच बसलं.
कॅमेऱ्याची तिनं किंमतही विचारली नाही.

उरल्या सुट्ट्यात पोतंभर खडी,
दारापासून खिडकीखालपर्यंत:
चोराची चाहूल, वीजबिलाशिवाय.

गॅसचा सिलिंडर कोणी नेला, पोलिसांनी विचारलं होतं.
‘अंधार होता,’ म्हणाली.

रात्री वारा पत्र्याशी झोंबतो.
खडी वाजते,
डावा पाय जरा ओढत.
विल्मेर लहानपणी छपरावरून पडला होता.

किल्ली भोकात जाते, फिरत नाही.
ती उठत नाही.
मग खडी पुन्हा, लांब.

सकाळी ती
विस्कटलेली खडी सारखी करते
एक पाऊल तेवढं सोडून.